वेल्सच्या समुद्राकाठी एकटीचे सहा दिवस : अ‍ॅबरिस्टविथ

सातारकरीण | १४ जून, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात सहा दिवस वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर अ‍ॅबरिस्टविथ नावाच्या गावी जाऊन राहिले. एकटी. इथल्या प्रवासाच्या धाग्यांत रोज नवं गाव आणि रोज बॅग भरणं असतं. मी सहाही दिवस एकाच खोलीत राहिले आणि रोज एकाच रस्त्यावर चालले. परत आल्यापासून जशी झोप लागतेय तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती, म्हणून लिहितेय.

मी बर्मिंगहॅमला बावीस वर्षं आहे, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. माहेर सातारा. आमच्याकडे समुद्र म्हणजे शाळेची गणपतीपुळ्याची सहल, तीही एकदाच. सध्या नवरा महिनाभर पुण्याला सासूबाईंपाशी आहे आणि लेक तिच्या नोकरीच्या गावी. रजा शिल्लक होती. कुठे जायचं, काय खायचं, किती वाजता उठायचं हे कुणालाही न विचारता ठरवायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली. घरापासून गाडी न बदलता जाता येईल असा समुद्र शोधला, तो हा निघाला.

गाडीला तीन तास लागतात. श्रूजबरी सुटलं की डोंगर सुरू होतात, रूळ एकेरी होतात, मेंढ्या माणसांपेक्षा जास्त दिसायला लागतात. मखन्लेथ स्टेशनात गाडीचे दोन भाग होतात. काही डबे उत्तरेला पुल्हेलीकडे जातात, उरलेले अ‍ॅबरला, त्यामुळे चढताना डब्यावरची पाटी वाचून बसा. त्यानंतर डोवी नदीची खाडी लागते. ओहोटी होती. खिडकीबाहेर मैलभर चिखल चमकत होता आणि त्यात पाणपक्षी एकेक पाय उचलत चालले होते. डब्यात कुणी बोलत नव्हतं. माझे खांदे तिथेच खाली आले.

गावाच्या समुद्राला लागून चार-चार मजली जुन्या घरांची एक लांबलचक कमानदार रांग आहे, फिकट पिवळी, गुलाबी, निळी. त्यातल्याच एका घरात तिसऱ्या मजल्यावर माझी खोली होती. लिफ्ट नाही. पलंग, खुर्ची, किटली आणि खिडकी. खिडकीतून फक्त पाणी दिसायचं.

तिथला किनारा वाळूचा कमी आणि गोट्यांचा जास्त. लाट येते तेव्हा आपल्या ओळखीचाच आवाज करते. ती परत जाताना मात्र हजारो गोटे एकमेकांवर घासत खाली ओढले जातात, आणि तो आवाज थेट सुपात तांदूळ पाखडल्यासारखा येतो. आजी मागच्या सोप्यात पाखडत बसायची, तो आवाज. पहिल्या रात्री खिडकी उघडी ठेवून तो ऐकत पडले, ते सकाळी सातलाच जाग आली.

तिथला समुद्रकाठचा रस्ता सुमारे दोन किलोमीटरचा. दक्षिणेला बंदर, मधे किल्ला आणि धक्का, उत्तरेला कॉन्स्टिट्यूशन हिल नावाची टेकडी. टेकडीच्या पायथ्याशी रस्ता संपतो तिथे लोखंडी कठडा आहे. चालत आलेला माणूस त्या कठड्याला पायाने हलकी लाथ मारतो आणि मागे वळतो. कॉलेजची पोरं, काठी घेतलेले आजोबा, कुत्रा फिरवणाऱ्या बायका, सगळे. पहिल्या दिवशी मी नुसती बघत राहिले. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ लाथ मारून वळले, मला बघून थांबले आणि मानेने कठड्याकडे खूण केली. मग मीही मारली. देवळात घंटा वाजवल्यावर आपण आलो याची नोंद झाल्यासारखं वाटतं ना, अगदी तसं वाटलं. पुढे रोज दोनदा मारली, सकाळी आणि सूर्यास्ताला.

साताऱ्याच्या माणसाचे पाय किल्ला दिसला की वळतातच. हा किल्ला १२७७ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्सवर वचक ठेवायला बांधायला घेतला. १४०४ मध्ये वेल्सचा ओवाइन ग्लिनदूर याने तो जिंकला आणि चार वर्षं राखला. १६३७ मध्ये इथल्या डोंगरातल्या चांदीची नाणी पाडायची टाकसाळ आत होती. १६४९ मध्ये पार्लमेंटच्या फौजेने सुरुंग लावून तो उडवला. आता पडके बुरूज, हिरवळ आणि बाकं. मी तिथे दुपारी पुस्तक घेऊन बसायचे आणि चार पानांनंतर ते मिटून समुद्राकडे बघत राहायचे.

सहा दिवसांत "बघायला" म्हणून तीनदाच गेले. एकदा टेकडीवर, दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या डब्यातून. ही रेल्वे १८९६ ची, २३७ मीटर लांब, आणि चालते माणसाच्या चालीने. हवा स्वच्छ असली की वरून उत्तरेला स्नोडोनियाचे डोंगर दिसतात. एकदा वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, त्याबद्दल खाली लिहीन. आणि एकदा वेल ऑफ राइडल या वाफेच्या छोट्या गाडीने डेव्हिल्स ब्रिजला. ही गाडी १९०२ पासून चालते, रूळ जेमतेम साठ सेंटीमीटर रुंद, १९ किलोमीटरला एक तास. वळणावर इंजिन आपल्यालाच खिडकीतून दिसतं आणि कोळशाचा वास केसांत राहतो. नेरळ-माथेरान आठवल्याशिवाय राहत नाही. वर एकाच घळीवर एकावर एक बांधलेले तीन पूल आहेत. सगळ्यात खालचा मध्ययुगातला, त्यावर १७५३ चा, त्यावर १९०१ चा. खालच्या पुलाची कथा अशी सांगतात की एका म्हातारीची गाय पलीकडे अडकली. सैतान म्हणाला, पूल बांधून देतो, पण त्यावरून पहिला जाणारा जीव माझा. पूल झाला. म्हातारीने पाव पलीकडे फेकला आणि तिचा कुत्रा त्यामागे धावला. अशी म्हातारी आपल्याही गोष्टींत आहे, भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी.

बाकी दिवस रिकामे. ते रिकामेच राहू दिले.

आणि भाषा. गावातल्या बेकरीत माझ्यापुढे एक आजी आणि पाचेक वर्षांचा नातू उभे होते. नातवाला गुलाबी केक हवा होता, आजी नाही म्हणत होती. सगळं वेल्शमध्ये. तो हट्टाने एकच शब्द परत परत म्हणत होता, काउंटरवरची मुलगी त्याच भाषेत त्याची समजूत घालत होती, मागचा एक बाप्या त्यात भर घालत होता. मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. बर्मिंगहॅमपासून गाडीने तीन तासांवर, जगातल्या सगळ्यात ताकदवान भाषेच्या कुशीत, एक लहान मूल आपल्या भाषेत केक मागतंय. मी पाव घेतला आणि बाहेर येऊन जरा वेळ भिंतीला टेकून उभी राहिले. माझी लेक मराठी समजते, बोलत नाही. ते माझ्या हातून राहिलं.

तिथे रस्त्यावर वळण आलं की पांढऱ्या मोठ्या अक्षरांत दोन भाषांत "सावकाश" लिहिलेलं असतं. वेल्श शब्दाचा उच्चार "आराव". आता घरी गाडी चालवतानाही तो तोंडात येतो.

काही विचारायचं असेल तर विचारा. फोटो फारसे काढले नाहीत.

---

मिलिंद_डोंबिवली | १४ जून, रात्री १०:५५

ताई, लिहिलंय मनापासून, पण एक शंका. आमच्यासारख्यांनी भारतातून व्हिसा, विमान असा लाखांत खर्च करून यायचं आणि सहा दिवस एका लहान गावात बसायचं, हे परवडतं का? त्या सहा दिवसांत लंडन, एडिंबरा, लेक डिस्ट्रिक्ट सगळं होतं. आम्ही दोन वर्षांपूर्वी अकरा दिवसांत नऊ ठिकाणं केली होती.

---

सातारकरीण | १५ जून, सकाळी ७:१०

मिलिंददादा, तुमचा प्रश्न खरा आहे. पहिल्यांदाच येणाऱ्याला मी अ‍ॅबरलाच जा असं सांगणार नाही. आईबाबा आले होते तेव्हा आम्हीही त्यांना पळवलं, आणि त्याचं वाईट वाटत नाही, त्यांना ते सगळं बघायचंच होतं. पण त्या प्रवासातलं बाबांना आज काय आठवतं विचारलं तर ते एका बागेतल्या बाकाबद्दल बोलतात. आईचे गुडघे दुखत होते म्हणून तिथे दोन तास बसावं लागलं होतं. तुमच्या अकरा दिवसांत एखादी दुपार अशी मोकळी सोडून बघा, एवढंच म्हणेन.

---

लेकुरवाळी | १५ जून, सकाळी ११:३०

सातारकरीणताई, मी रेडिंगला असते. दोन मुलं, मोठा सातवीत. गेलं वर्षभर नवरा म्हणतोय, तू चार दिवस कुठेतरी जाऊन ये, मी बघतो घरचं. आणि मीच जात नाही. एकटीने हॉटेलात जेवायला बसायचं या विचारानेच पोटात गोळा येतो. रात्री भीती वाटली का? आणि आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मासेवाल्या गावात काय खायचं?

---

सातारकरीण | १५ जून, दुपारी १:०५

अगं, पहिल्या संध्याकाळी मीही दोन खाणावळींच्या दारातून परत फिरले. मग चिप्सचा पुडा घेतला आणि समुद्रासमोर बाकावर बसले. तिथे चार जणांपैकी तिघे एकटेच बसलेले होते. समुद्रकाठच्या गावाचं हे फार बरं असतं, तिथे एकट्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही, कारण सगळे एकाच दिशेला बघत असतात. पुडा मात्र मांडीवर घट्ट धर. समुद्रपक्षी मागून येतात आणि हातातलं उचलून नेतात.

तिसऱ्या दिवसापासून आत टेबलावर बसून जेवले. पुस्तक सोबत ठेव, पण ते उघडावंच लागेल असं नाही.

खाण्याचं म्हणशील तर भाजलेला अख्खा बटाटा, त्यात चीज आणि बीन्स, हे सगळीकडे मिळतं. ग्लॅमॉर्गन सॉसेज असं नाव दिसलं तर घाबरू नकोस, त्यात मांस नसतं, चीज, लीकची पात आणि पावाचा चुरा असतो. काही जण त्यात अंडं घालतात, तेवढं विचारून घे. वेल्श केक तव्यावर भाजतात. वेल्शमध्ये त्यांचं नाव "पिकाय आर अ मान", म्हणजे दगडावरचे केक. बिस्किटाएवढे, आत मनुका, वर साखर. त्यातही अंडं असतं बहुतेक ठिकाणी, म्हणून तुझ्यासाठी अडचण. बारा ब्रिथ हा चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा पाव, त्याचंही विचारून घे. गावात विद्यार्थी खूप, त्यामुळे शाकाहारी खाणं सहज सापडतं.

भीती नाही वाटली. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, दहापर्यंत उजेड, आणि समुद्रकाठी तोवर माणसं असतात. आमच्या घरमालकीणबाई तर साडेदहानंतर आलं की स्वयंपाकघरातून हाक मारून चहा हवा का विचारायच्या.

---

कार्डिफकर | १५ जून, संध्याकाळी ६:२०

वा! आमच्या वेल्सवर मराठीत धागा बघून फार आनंद झाला. मी इथे सतरा वर्षं आहे, वेल्श चौथ्या वर्षी शिकायला लागलो, आता सराव टिकवून आहे.

एक दुरुस्ती. मखन्लेथमधला तो "ल" आपला ल नाही. वेल्शमध्ये तो दोन एल जोडून लिहितात. जीभ ल म्हणायला लावतो तशीच दातांमागे लावायची, घशातून आवाज काढायचा नाही, आणि जिभेच्या दोन्ही कडांनी नुसती हवा सोडायची. बाहेरचे लोक त्याचा "ख्ल" करतात, ते इथल्यांना खटकतं. आपल्याला "ळ"चा "ल" केलेला ऐकताना जसं होतं तसंच. ज्याला टिळक आणि तिलक यातला फरक कानाला कळतो, त्याला हा आवाज दोन दिवसांत जमावा.

दुसरी गंमत मराठी माणसालाच कळेल. आपण "पुणे"ला प्रत्यय लावताना शब्दाचं शेपूट बदलतो, पुण्याला, पुण्यात. वेल्शमध्ये शब्दाचं डोकं बदलतं. कार्डिफचं वेल्श नाव काइर्दीद. कार्डिफला म्हणजे "ई गाइर्दीद". कार्डिफमध्ये म्हणजे "अंग ङाइर्दीद". हो, शब्दाच्या सुरुवातीला चक्क ङ! पहिलीच्या पाटीवर आपण जो ङ गिरवतो आणि पुढे जन्मभर ज्याने सुरू होणारा शब्द सापडत नाही, तो इथे रोज भाजी घेताना वापरतात.

सातारकरीणताई, गावाच्या दक्षिणेचा त्रेवेखन पूल बघितलात का? राइडल नदीवरचा, साधाच दगडी.

---

सातारकरीण | १५ जून, रात्री ८:४५

त्यावरून रोज गेले! पलीकडच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर जायला तोच रस्ता. पण पुलाबद्दल काही माहीत नाही, सांगा ना.

---

कार्डिफकर | १५ जून, रात्री ९:३०

१९६२ मध्ये अ‍ॅबरमध्ये एका तरुणाला सायकलवर डबलसीट नेल्याबद्दल पोलिसांनी धरलं. त्याला कोर्टाचं समन्स आलं ते फक्त इंग्रजीत. तो म्हणाला, वेल्शमध्ये द्या, मग येतो. दिलं नाही, तो गेला नाही, आणि एक रात्र कोठडीत काढली. त्याच वर्षी फेब्रुवारीत वेल्श लेखक सॉन्डर्स लुइस यांनी रेडिओवरून भाषण केलं होतं, विषय "भाषेचं भवितव्य". असंच चालू राहिलं तर वेल्श संपेल, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. त्यातून वेल्श भाषा संघटना उभी राहिली. २ फेब्रुवारी १९६३ ला, कडाक्याच्या थंडीत, तिची तरुण मुलं त्रेवेखन पुलावर रस्ता अडवून बसली. मागणी एकच, कोर्टाची कागदपत्रं आमच्या भाषेत द्या. गाड्या अडल्या, बघे जमले, काहींनी मुलांना ओढून बाजूला केलं.

तो त्या चळवळीचा पहिला जाहीर सत्याग्रह. तुम्ही ज्या "आराव"वर जीव टाकलात, ते दोन भाषांतले फलक, १९६७ आणि १९९३ चे भाषा कायदे, १९८२ ची वेल्श दूरचित्रवाहिनी, या सगळ्यामागे अशी माणसं आहेत. इंग्रजी फलकांवर रंग फासून तुरुंगात गेलेलीही आहेत.

---

सातारकरीण | १५ जून, रात्री ९:५५

अंगावर काटा आला. मी त्या पुलाच्या कठड्याला टेकून आइस्क्रीम खाल्लं होतं.

---

गणिताचे_गुरुजी | १६ जून, सकाळी ६:१५

निवृत्त शिक्षक आहे, जिल्हा परिषदेच्या शाळांत ३४ वर्षं गणित शिकवलं. कार्डिफकर, वेल्शमध्ये संख्या कशा मोजतात? युरोपातल्या काही भाषांत विसांनी मोजणी होती असं वाचलंय. आमच्या लहानपणी बाजारात म्हाताऱ्या बायका "तीन विसा" म्हणजे साठ असंच मोजायच्या.

---

कार्डिफकर | १६ जून, सकाळी ८:०५

गुरुजी, नमस्कार. अगदी तसंच. वीस म्हणजे "इगाइन". चाळीस म्हणजे "देइगाइन", दोन विसा. साठ म्हणजे "त्रिगाइन", तीन विसा. अठराला "देइनाउ", म्हणजे दोन वेळा नऊ. पंचवीसला जुन्या पद्धतीत "पिम्प आर हिगाइन", पाच वर वीस. आपल्या पंचवीससारखंच, आधी पाच, मग वीस.

पण शाळेत आता गणित नव्या पद्धतीने शिकवतात, "दाय द्देग पिम्प", म्हणजे दोन दहा पाच. घड्याळ, वय, तारखा यांत जुनी पद्धत अजून टिकून आहे. घरी माझी मुलगी दोन्ही बोलते.

---

गणिताचे_गुरुजी | १६ जून, सकाळी ९:४०

हे वाचून फार बरं वाटलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पंचवीसबरोबर "वीस पाच" असं वाचायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. भाषा मोडली म्हणून लोक आमच्यावर धावून आले. वर्गात मात्र मी वर्षानुवर्षं बघितलंय, एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये अडकलेलं मूल गणितालाच भिऊ लागतं. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी जगू शकतात, हे त्या लहानशा देशाने करून दाखवलं आहे. मुलीला माझा आशीर्वाद सांगा.

---

स्पष्टवक्ता_७७ | १६ जून, दुपारी १२:२०

सगळं चांगलं आहे, पण चित्र फार गुलाबी होतंय. २०११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १९ टक्के होते, २०२१ मध्ये १७.८ टक्के झाले, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार माणसं. कायदे, वाहिनी, शाळा असूनही आकडा घसरला. आपण आठ कोटींच्या वर. मराठीने यांच्याकडून काय शिकायचं?

---

कार्डिफकर | १६ जून, दुपारी २:१०

आकडे बरोबर आहेत, आणि इथेही त्यावर चिंता आहे. सरकारने २०५० पर्यंत दहा लाख बोलणाऱ्यांचं लक्ष्य ठेवलंय, ते सोपं नाही. पण सुरुवात कुठून झाली तेही बघा. पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा १९३९ मध्ये अ‍ॅबरिस्टविथमध्येच निघाली, सात मुलांवर. एकेकाळी शाळेत वेल्श बोललं तर मुलांच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे, ती आठवण तेव्हाही पुसली गेली नव्हती. आज केरेदिगियन परगण्यात, म्हणजे अ‍ॅबरच्या भागात, ४५ टक्के लोक वेल्श बोलतात.

आपल्या कोटींचं म्हणाल, तर त्यांतल्या किती घरांत मुलं मराठी वाचतात? मी हे आरोप म्हणून विचारत नाही. माझ्या पुण्यातल्या भाच्यांना मी मराठी पुस्तकं पाठवतो, ती कपाटात राहतात.

---

सातारकरीण | १६ जून, दुपारी ३:३०

स्पष्टवक्ता, मी आकड्यांतलं जाणत नाही. मी त्या ग्रंथालयात जे बघितलं ते सांगते. वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय गावामागच्या टेकडीवर आहे, १९०७ च्या सनदेने स्थापन झालेलं. पांढऱ्या दगडाची इमारत, समोर हिरवळ, खाली सगळी खाडी. प्रवेशाला पैसे नाहीत. ब्रिटनमध्ये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत मागवण्याचा हक्क या ग्रंथालयाला आहे. तिथल्या माणसाने सांगितलं की ही इमारत उभारायला खाणीतल्या कामगारांनी पगारातून पेन्स दिले होते. खालचं जुनं कॉलेजही तसंच, १८७२ मध्ये २६ विद्यार्थ्यांवर सुरू झालं, आणि ते चालावं म्हणून चर्चांमधून वर्गण्या गोळा व्हायच्या.

स्लेट आणि कोळसा फोडणाऱ्या माणसांनी ग्रंथालयासाठी पैसे काढले. मला तिथे कर्मवीर अण्णांची आठवण झाली. आमच्या आजीने रयतच्या बोर्डिंगला मूठमूठ धान्य दिल्याचं ती अभिमानाने सांगायची. साताऱ्यात आजीकडून ऐकलेलं मला परमुलखात टेकडीवर पुन्हा भेटलं.

---

जुना_अ‍ॅबरवाला | १६ जून, रात्री ११:४०

धागा उशिरा बघितला. मी १९९६-९७ मध्ये अ‍ॅबरला एम.ए. केलं, आंतरराष्ट्रीय राजकारणात. हा विषय शिकवणारा जगातला पहिला विभाग तिथलाच, पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये सुरू झालेला. आता नागपूरला असतो. तुमचं "सुपातले तांदूळ" वाचलं आणि तो आवाज कानात आला.

ताई, तुम्ही जूनचं अ‍ॅबर बघितलंत. हिवाळ्याचं वेगळं. दुपारी चारला अंधार, लाटा रस्ता ओलांडून घरांच्या काचांवर गोटे आपटायच्या. २०१४ च्या जानेवारीत तर वादळाने समुद्रकाठचा रस्ता फोडून काढला. १८६५ मध्ये बांधलेला धक्का पूर्वी फार लांब होता, पुढच्याच वर्षी वादळाने त्याचा तुकडा नेला, १९३८ च्या वादळाने आणखी मोठा, म्हणून तो आज आखूड दिसतो.

पण त्याच धक्क्याखाली ऑक्टोबर ते मार्च हजारो स्टार्लिंग पक्षी रात्रीच्या वस्तीला येतात. संध्याकाळी चहूकडून छोटे थवे येतात, एकमेकांत मिसळतात, आणि आकाशात एक काळी चादर झटकल्यासारखी वळायला लागते. दर क्षणाला आकार बदलतो. मग एकाएकी सगळा थवा धक्क्याखाली ओतला जातो आणि फळ्यांखालून किलबिलाट सुरू होतो. मी घरापासून पहिल्यांदाच लांब होतो, आईची फार आठवण यायची. रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहायचो.

---

भीमातीर | १७ जून, सकाळी ७:५०

हे आमच्याकडे आहे! उजनीच्या पाण्यावर, भिगवणला हिवाळ्यात भोरड्या येतात, गुलाबी अंगाच्या मैना. संध्याकाळी असेच थवे गोल गोल फिरतात आणि पाणकणसांत उतरतात. ज्वारी दुधात आली की आजोबा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे, पण त्या टोळ खातात म्हणून त्यांना फार त्रास द्यायचे नाहीत. स्टार्लिंग आणि भोरडी एकाच कुळातल्या. अ‍ॅबरवाले दादा, नागपूरहून भिगवणला या एकदा, घर आहे.

---

जुना_अ‍ॅबरवाला | १७ जून, सकाळी ९:१५

येतो. जानेवारीत नक्की.

---

मिलिंद_डोंबिवली | १७ जून, रात्री १०:२०

सातारकरीणताई, तुमच्या उत्तरावर दोन दिवस विचार केला. बायकोला विचारलं, आपल्या ट्रिपमधलं काय आठवतं. ती म्हणाली, यॉर्कला गाडी चुकली तेव्हा स्टेशनवर बसून खाल्लेले पराठे. बाकी नऊ ठिकाणांची नावं तिला फोटो बघून सांगावी लागली. पुढच्या वर्षी मे महिन्यात येणार आहोत. अ‍ॅबरला तीन रात्री ठेवल्या तर आणखी काय जवळ आहे?

---

सातारकरीण | १८ जून, सकाळी ६:५५

मिलिंददादा, वहिनींना नमस्कार सांगा. तीन रात्री पुरतील. टी५ बसने दक्षिणेला अबरआयरनला जा, बंदराभोवती रंगीत घरं आहेत. तीच बस पुढे न्यू कीला जाते. त्या खाडीत डॉल्फिन असतात, वहिनींना आवडतील. उत्तरेला बोर्थ गाडीने पंधरा मिनिटांवर. मोठी ओहोटी असेल तर तिथे वाळूत हजारो वर्षांपूर्वीच्या बुडालेल्या जंगलाची खोडं उघडी पडतात. त्या खाडीखाली एक राज्य बुडालं आणि शांत दिवशी पाण्यातून त्याच्या घंटा ऐकू येतात, अशी तिथली दंतकथा आहे. जाण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घ्या.

आणि गावामागच्या डोंगरात बुल्ख नान्त अर आरियन नावाच्या तळ्याकाठी उन्हाळ्यात रोज दुपारी तीनला तांबड्या घारींना खाऊ घालतात. एकेकाळी ब्रिटनभर त्या संपल्या होत्या, मध्य वेल्समध्ये मोजक्या जोड्या उरल्या होत्या. मी यावेळी गेले नाही, पुढच्या वेळी जाईन.

---

लेकुरवाळी | १९ जून, रात्री ९:०५

ताई, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना सुट्टी असते, तेव्हाची चार दिवसांची खोली बुक केली. समुद्रासमोरचीच, तिसरा मजला. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, शेवटी केलंस! मोठ्याने विचारलं, आई तू तिथे काय करणार? मी म्हटलं, चालणार.

अ‍ॅबरवाले दादा, ते पक्षी बघायला किती वाजता जाऊन उभं राहायचं?

---

जुना_अ‍ॅबरवाला | १९ जून, रात्री ११:१०

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी. धक्क्याच्या उत्तरेला कठड्यापाशी उभ्या राहा, वारा असेल तर कानटोपी घाला. सुट्टीच्या शेवटी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे त्या दिवसाची वेळ आधी बघून घ्या. शेवटचा पक्षी आत गेला तरी पाच मिनिटं तिथेच थांबा. फळ्यांखालचा आवाज लगेच थांबत नाही.